गोदामाचं चौथं काम

"माझ्या हॉलमध्ये माशीसुद्धा दुसऱ्या माशीचं बघून बसत नाही!"

मनोज सरांनी स्टाफरूममध्ये हे जाहीर केलं आणि चहात पाव बुडवला. अंबाडीहून रोज मोटारसायकलवर खड्डे चुकवत भिवंडीच्या कॉलेजात येणारा हा माणूस एरवी अगदी गरीब. पण परीक्षा लागली की त्यांच्या अंगात यायचं. चालताना आवाज नको म्हणून रबरी सोलचे बूट घालायचे. खिशातली चिल्लरसुद्धा घरी ठेवून यायचे. पोरांच्या मोज्यातून, पट्ट्याच्या मागून, एकदा तर एकाच्या हाताच्या प्लास्टरमधून त्यांनी हॉलच्या दारातच चिठ्ठी काढली होती. हात खरोखरच मोडला होता, पण चिठ्ठीही खरीच होती.

"गेल्या कित्येक परीक्षांत एक तरी कॉपी केस झाली का माझ्या हॉलमध्ये? दाखवा कुणीही!"

रुचिका मॅडमनी दाखवली. त्या तेव्हाच चार पेपर घेऊन आत येत होत्या.

"दुसऱ्या वर्षाचा कॉमर्सचा पेपर. सुपरव्हिजन कुणाचं होतं?"

"माझं!"

"मग या तुमच्या माश्या बघा."

सरांचा पाव चहात पडला तो पडलाच.

चारही पेपर कशेळीच्या मुलींचे होते. हेमाली तरे, तिची चुलत बहीण पूर्वी आणि त्यांच्याच आळीतल्या आणखी दोघी. प्रश्न होता, 'गोदामाची कार्ये सांगा.' चौघींनी उत्तर लिहिलं होतं ते शब्दाला शब्द एक. पहिलं, मालाची साठवणूक करणे. दुसरं, मालाची राखण करणे. तिसरं, बाजारभाव स्थिर ठेवणे. इथपर्यंत एक वेळ ठीक होतं, पुस्तक एकच आहे. पण चौथ्या मुद्द्यावर चौघींनी परीक्षेला शोभेल अशा भाषेत लिहिलं होतं, 'वाटणात पाणी कमी घालणे.' आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात पाचवं, 'मालाची प्रतवारी व बांधणी करणे.'

"गोदामाचं काम? वाटणात पाणी कमी घालणे?" रुचिका मॅडमचा आवाज चढला. "एकीनं लिहिलं तर वेड म्हणू. चौघींनी लिहिलं तर कॉपी म्हणतात त्याला."

"अशक्य!" सर उभेच राहिले. "एका गावच्या पोरी मी कधीच जवळ बसवत नाही. चौघी चार कोपऱ्यांत होत्या. मधी मी होतो!"

"तेच म्हणते मी. मधी तुम्ही होतात."

स्टाफरूममध्ये कुणीतरी खोकलं. त्या खोकल्यात हसू होतं.

गोष्ट प्राचार्यांपर्यंत गेली आणि समिती बसली. नियम कडक होता. कॉपी शाबीत झाली की सगळे पेपर रद्द, अख्खं वर्ष पाण्यात. समितीत प्राचार्य, तक्रार करणाऱ्या म्हणून रुचिका मॅडम, हॉलवर होते म्हणून मनोज सर आणि कॉम्प्युटरचे भूपेश सर. भूपेश सर का, तर त्यांना तांत्रिक बाजू कळते असा सगळ्यांचा समज होता. मुख्यतः त्यांचा स्वतःचा.

मनोज सर पहिल्या बैठकीपासून मुलींच्या बाजूनं भांडले. उगाच मोठेपणा द्यायला नको. मुलींसाठी नव्हे, ते माशीसाठी भांडत होते. पोरी चोर ठरल्या तर चोरी त्यांच्या नाकाखाली झाली, असं ठरणार होतं.

भूपेश सरांनी पेपर उलटेसुलटे करून पाहिले, दिव्यासमोर धरले.

"हा कोड आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"कसला कोड?"

"उत्तरं कुठं लपवलीत, त्याचा. पाणी! सर, आपल्याकडे पाणी कुठं आहे?"

सगळ्यांनी कॉरिडॉरमधल्या कूलरकडे पाहिलं. शिपाई रामनाथला बोलावून कूलर उघडला. पत्रा काढला, नळ्या काढल्या, टाकी रिकामी केली. आत एक मेलेली पाल आणि आधीच्या कुठल्यातरी प्राचार्यांच्या सत्काराचं सन्मानचिन्ह निघालं. ते आत कसं गेलं, यावर वेगळी समिती नेमायचं ठरलं. कूलर मात्र परत जोडता आला नाही. दोन नळ्या जास्तीच्या उरल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळं कॉलेज घरून बाटल्या आणायला लागलं.

मग हेमालीला बोलावलं.

ती आली. बुटकीशी, ओढणी खांद्याला पिनेनं घट्ट लावलेली. समितीसमोर पोरं येतात ती खाली फरशी बघत येतात. ही आली ती एकेकाच्या तोंडाकडे बघत, जणू हिनंच आपल्याला बोलावलंय असं मनोज सरांना वाटून गेलं.

रुचिका मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "हेमाली, तू हुशार मुलगी आहेस. मला माहितीये. त्या तिघींनी तुझं बघून लिहिलं, एवढंच लिहून दे. तुझ्यावर काही येणार नाही."

"त्यांनी नाय बघितलं, मॅडम."

"मग तू त्यांचं बघितलंस?"

"चार कोपऱ्यांत चौघी होतो मॅडम. मधी मनोज सर. सरांच्या आरपार बघायला लागलं असतं."

मनोज सरांना हे वाक्य इतकं आवडलं की ते इतिवृत्तात घ्यावं, असं त्यांनी सुचवलं. कुणी घेतलं नाही.

"अगं, तुझं वर्ष जाईल. तिघींसाठी कशाला मरतेस?"

"माझं वर्ष वाचावं असं मला पण वाटतं ना मॅडम. पण खोटं लिहून दिलं तर त्यांची तीन वर्षं जातील. तिघींची मिळून. हा हिशेब काय बरोबर नाय."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "मग हे वाटण कुठून आलं?"

"आक्काकडनं."

आक्का म्हणजे हेमालीच्या बाबांची आत्या. कशेळीत आणि आसपासच्या गावांत लग्न असलं की धवला गायला आक्काच लागते. प्राचार्य साताऱ्याकडचे, त्यांनी विचारलं, धवला म्हणजे काय. हेमालीनं सांगितलं, "आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते सर. मांडव, हळद, लग्न, सगळ्या विधींना ती गाते. ती सांगते तेवा मुहूर्ताची कामं सरकतात. आणि आमच्या आक्काचा नियम हाय, एकदा धवला लावला की मधी तोडायचा नाय. मधीच कुणाला काय सांगायचं असलं, पाट आणा, मुलाला उठवा, तरी चालीतच सांगायचं. गाऊन."

"बरं, मग?"

"पेपरच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हळद होती. आमी चौघी कामाला. हात सगळे पिवळे, पुस्तकाला कसा लावणार? मग मी चॅप्टरच धवल्याच्या चालीवर लावला. मी पुढं, ह्या तिघी मागं. आक्का पण मागं, तिला राहवत नाय. पहिलं काम गो गोदामाचं, माल साठवायचा. दुसरं काम गो गोदामाचं, माल राखायचा. चौथ्याला आले आणि आक्काचं लक्ष गेलं मिक्सरकडं. काकी वाटणात पाणी ओतत होती, बदाबदा. आक्का काय चाल तोडणार नाय. तिनं चालीतच सांगितलं. आमी ते पण मागनं म्हणलं. मग तसंच बसलं."

"पण लिहिताना कळलं नाही?" रुचिका मॅडमनी टेबलावर हात आपटला. "चौघींपैकी एकीलाही?"

"हात लिहीत होता मॅडम, डोकं गात होतं. मला तर लिहिताना वाटणाचा वास पण आला. पण थांबले असते तर पाचवं विसरले असते."

मनोज सरांनी हेमालीच्या चुलत बहिणीचा, पूर्वीचा, पेपर पुढं ओढला. दुसऱ्या मुद्द्यात 'दुसरे कार्य' या शब्दांनंतर तिनं काहीतरी लिहून खोडलं होतं. खोडलेलं उजेडात धरलं की वाचता येत होतं. 'गो.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. माशीचा विषय त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून गेला, तो परत आला नाही.

"गोष्ट छान रचलीस," रुचिका मॅडम म्हणाल्या. "पुरावा?"

"चौघींना चार वर्गांत बसवा. दुसऱ्या कुठल्या पण चॅप्टरचा प्रश्न द्या. आमी सगळंच त्या दिवशी असंच पाठ केलंय."

बसवलं. चार मजल्यांवर चार वर्ग, प्रत्येक दाराशी एक शिक्षक. प्रश्न दिला, 'विम्याची तत्त्वे लिहा.' पेपर आले. शब्दाला शब्द एक. पहिलं तत्त्व परम विश्वासाचे, दुसरं विमाहिताचे, तिसरं 'डीजेवाल्याला जेवायला बसवणे', चौथं नुकसानभरपाईचे.

"बघितलंत?" मनोज सर जवळजवळ ओरडले.

भूपेश सर गंभीर झाले. "बघितलं. नेटवर्क आपल्याला वाटलं त्यापेक्षा मोठं आहे."

शेवटी आक्कालाच साक्षीला बोलवायचं ठरलं.

अकराची वेळ दिली होती. कशेळीच्या पुढं कंटेनर आडवा झाला होता, त्यामुळं आक्का जेवणाची सुट्टी संपल्यावर पोचली. काष्ट्याचं लुगडं, नाकात भली मोठी नथ. सोबत चौघी पोरी आणि मागून रिक्षावाला. तो का आला असं रामनाथनं विचारलं, तर तो म्हणाला, "रोज यही लड़कियाँ लाता हूँ भाईसाब. जाम में चैप्टर खत्म हो जाता है, गाड़ी नहीं हिलती. आज केस का क्या होता है, देखके जाऊँगा."

आक्का खुर्चीवर बसली नाही. "कंची बाय ती, आमच्या पोरींना चोर बोलते?"

रुचिका मॅडमनी फाइल छातीशी धरली.

प्राचार्य नम्रपणे म्हणाले, "आक्का, त्या दिवशी वाटणाबद्दल तुम्ही काही बोलला होता का?"

"मीच बोलली. काय वाईट बोलली? पानी जास्त झाला का कालवन फुळूक होतंय. तुमच्या घरान फुळूक खातान काय?"

"नाही, नाही."

"मंग?"

समितीनं गाऊन दाखवायची विनंती केली. आक्कानं अट घातली. लावला तर पुरा लावणार, तोडणार नाही. प्राचार्यांनी मान हलवली. आपण कशाला मान हलवली, ते त्यांना थोड्या वेळानं कळलं.

कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना. दिवसभर त्याची खटखट चालू असते आणि दिवसभर सगळे शिक्षक तिला शिव्या देतात. हेमालीनं डोळे मिटले, ती खटखट क्षणभर ऐकली आणि तिच्यावरच चाल धरली. आधी गणपतीला बोलावलं, मग गावदेवीला, मग गोदामाला. तीन पोरींनी मागून उचललं. आक्काचा आवाज खालून आला, जाड आणि खडबडीत, जमिनीतून आल्यासारखा. खिडक्यांत पोरं जमली. लूमवरचे दोन कामगार शिफ्ट सोडून भिंतीवर चढून बसले.

मनोज सर बघत राहिले. हॉलभर फिरून त्यांनी आजवर पोरांचे फक्त हात बघितले होते, खिसे बघितले होते. हेमालीच्या डोक्यात काय चाललंय, हे त्यांना पहिल्यांदाच ऐकू येत होतं. ते वर्गात शिकवायचे तेच रटाळ पुस्तक, ज्याच्यावर ते स्वतः डुलक्या काढायचे, ते या पोरीनं असं लावलं होतं की वाहतुकीच्या प्रकारांपाशी त्यांचा पाय ताल धरायला लागला. जलवाहतुकीला तर डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात प्राचार्यांचा फोन वाजला. त्यांनी "हॅलो" म्हणताच आक्कानं असा डोळा वटारला की ते थिजले. फोन तर विद्यापीठातून होता. प्राचार्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि चालीत, बऱ्यापैकी सुरात म्हणाले, "नंतर लावतो गो तुम्हाला, मीटिंग चालली."

पोरींनी मागून उचललं, "मीटिंग चालली."

रुचिका मॅडमना एक शंका विचारायची होती. त्यांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. चौथ्यांदा त्या गायल्याच. "जोखमीचा मुद्दा गो कुठं गेला?" आवाज इतका गोड लागला की आक्कानं मान डोलावली, आणि मॅडम लाजल्या. त्यांना कॉलेजात लाजताना याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

खोलीत गरम व्हायला लागलं होतं. आक्कानं पदरानं वारा घेतला आणि चालीतच सोडून दिलं, "खिडकी उघडा गो, जीव घुसमटला."

चौघींनी तेही उचललं आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या.

संपलं तेव्हा टाळ्या भिंतीवरून सुरू झाल्या. आक्कानं पाणी मागितलं. रामनाथ ओशाळून म्हणाला की कूलर बंद आहे आणि का बंद आहे, तेही त्यानं सांगितलं.

"पानी कमी घाला बोलली," आक्का म्हणाली, "बंद करा नाय बोलली."

प्राचार्यांनी घाम पुसला आणि भूपेश सरांना इतिवृत्त वाचायला सांगितलं. भूपेश सर सगळा वेळ मान खाली घालून लिहीत होते. ते वाचायला लागले.

"एक, समितीची बैठक सुरू झाली. दोन, साक्षीदार उपस्थित होते. तीन, साक्षीदारांनी पाठांतराचे प्रात्यक्षिक दिले. चार, खिडकी उघडणे. पाच..."

ते थांबले. परत वाचलं. कागद उलटा करून पाहिला.

"भूपेश सर," मनोज सर अतिशय प्रेमानं म्हणाले, "तुम्ही कुणाचं बघून लिहिलंत?"

भूपेश सरांनी खाली बघितलं. फरशी.

निकाल तिथंच लागला. कॉपी नाही. चौघींचं वर्ष सलामत. हेमालीची बहीण पूर्वी रडायला लागली, रिक्षावाल्यानं "चलो, बढ़िया" म्हणत डोळे पुसले, आक्का म्हणाली, ह्याच्यात रडण्यासारखं काय हाय, आनि निघायचं का, नायतर परत जाम लागंल.

हेमाली जागची हलली नाही.

"मॅडम, एक काम ऱ्हायलं. चौथ्या मुद्द्याचा मार्क कापा."

"कापायचाच आहे," रुचिका मॅडम म्हणाल्या.

"नाय, दिलाय तुमी. पहिल्या दिवशी पेपर माझ्यासमोर ठेवले ना, तेवा बघितलं. माझ्या पेपरात वाटणाला बरोबरची खूण हाय."

मॅडमनी पेपर उघडला. खूण होती. लाल शाईची, ठसठशीत, शेपूट वर गेलेली. पहिला पेपर त्यांनी हेमालीचा तपासला होता आणि तपासताना त्या काय करत होत्या, हे त्यांचं त्यांनाच माहीत. बहुतेक त्यांचाही हातच तपासत होता.

खोलीत कुणी खोकलं नाही.

मनोज सरांनी पोरीकडे बघितलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हिच्या हातात हे होतं. मॅडमनी गोड बोलून तिघींना विकायला सांगितलं तेव्हाही होतं. ती खूण तिनं एकदा दाखवली असती, तर मॅडमची आणि समितीची सगळी हवा निघून गेली असती. तिनं शेवटपर्यंत झाकून ठेवली, आणि काढली ती स्वतःचा मार्क कापून घ्यायला. सरांना आपल्या रबरी सोलच्या बुटांची लाज वाटली.

रुचिका मॅडमनी लाल पेन काढलं, खूण खोडली, शेजारी सही केली. मग उठून हेमालीच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या सेमिस्टरला माझा अकाउंट्स आहे. त्याला चाल लागेल का गं?"

"ताळेबंदाला जरा अवघड हाय, मॅडम. पण बघते."

हेमालीनं मग गोदामाचं चौथं काम दुरुस्त करून घेतलं. आक्कासकट सगळ्यांना नवीन ओळ घोकायला लावली, 'जोखीम घ्यायची.' ती चाल कॉलेजभर झाली. पोरं कँटीनमध्ये म्हणायची, रामनाथ झाडू मारताना म्हणायचा, रिक्षावाला नाक्यावर उभा राहून म्हणायचा. मनोज सर मोटारसायकलवर अंबाडीपर्यंत मोठ्यानं म्हणत जायचे. फक्त त्यांनी समितीसमोर एकदाच ऐकलं होतं आणि त्यांच्या डोक्यात बसली होती ती जुनी, वाटणाची ओळ.

पुढं नापासांची फेरपरीक्षा आली. हॉल मनोज सरांचाच होता. त्यांनी रबरी बूट घातले नाहीत, साध्या चपला घालून आले. पेपर वाटले. गोदामाचा प्रश्न दरवर्षी येतो, तसा आला. सर खिडकीपाशी उभे राहिले. मागच्या कारखान्यात लूम सुरू झाला.

त्या हॉलमधल्या सगळ्या पेपरांत चौथा मुद्दा 'वाटणात पाणी कमी घालणे' असा आला. परीक्षेत उत्तर सांगितल्याबद्दल समितीनं मनोज सरांना सोमवारी बोलावलं आहे.